स्टेशनवर उभं राहणारं घोडं

पत्र (संक्षिप्त):

ताई, नमस्कार. मी प्रकाशा गावचा, वय ७१. माझे वडील दोंडाईचा स्टेशनवर टांगा चालवायचे, म्हणून घोड्याची ओढ अंगातच आहे. मुलगी टेक्सासात असते. तिच्या मुलीकडे, म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या नातीकडे, एक मिनिएचर घोडा आहे. कुमेद रंग, सात वर्षांचा, खच्ची केलेला, उंची ३३ इंच. गेल्या वर्षी मी सहा महिने तिकडे होतो, तेव्हा आजोबा-नातीने मिळून त्याला दोनचाकी गाडीला लावला. आता एप्रिलात तिचा पहिला शो आहे आणि गाडी हाकण्याचा कोणता वर्ग ते फॉर्मवर लिहायचं आहे. मुलगी म्हणते पार्क हार्नेस, त्यात घोडे गुडघे उचलून दिमाखात चालतात. मला वाटतं रोडस्टर, कारण पळतो चांगला. तिकडच्या शिकवणाऱ्या बाई म्हणतात कंट्री प्लेजर. ते ऐकून नात रडली. 'ते हळू घोड्यांचं असतं,' म्हणाली. व्हिडिओ पाठवतोय. घोडं बारीक शे, पन जीव मोठा शे. तुम्ही सांगाल तसं करू.
— एक आबा, प्रकाशा, ता. शहादा

उत्तर:

आबा, नमस्कार.

तुमचा व्हिडिओ मी आधी आवाज बंद करून पाहिला आणि मग फोन पालथा ठेवून नुसता ऐकला. पाहताना लक्ष नातीच्या हसण्याकडे आणि घोड्याच्या आयाळीकडे जातं. ऐकताना फक्त टापा उरतात. उजव्या हाताला फिरताना घड्याळासारखी दोन ठोक्यांची दुडकी ऐकू येते, एकही ठोका चुकत नाही. डाव्या हाताला वळल्यावर नातीने त्याला जरा पुढे काढलं, की सहा-सात पावलांत दोनाचे तीन ठोके होतात. म्हणजे तिथे तो दुडकी सोडून दौडीत शिरतो. तुम्ही टांग्याच्या घरातले आहात, हे तुमच्याही कानाला लागलं असेल. नातवंडाचं कौतुक असलं की आपण अशा गोष्टी ऐकून न ऐकल्यासारख्या करतो, माझंही तसंच होतं.

फॉर्म भरायची घाई असेल म्हणून उत्तर आधीच देते. कंट्री प्लेजर लिहा. शिकवणाऱ्या बाईंनी तुमचा घोडा नीट पाहिलाय. पण नातीचे डोळे पुसायचे असतील तर 'बाई म्हणाल्या म्हणून' एवढं पुरणार नाही. तिला कारण कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा भाऊ ओक्लाहोमात असतो. त्याच्याकडे गेले असताना तुल्साचा मिनिएचर घोड्यांचा राष्ट्रीय शो मी लागोपाठ दोन वर्षं सकाळपासून रात्रीपर्यंत बसून पाहिला. तिथे या छोट्या घोड्यांच्या दोन मोठ्या नोंदणी संस्था आहेत. एक अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन. ती १९७८ सालची. तिच्यात ३४ इंचांपर्यंतचाच घोडा बसतो. दुसरी नोंदवही अमेरिकन शेटलँड पोनी क्लबच्या छत्राखाली चालते. तो क्लब १८८८ पासूनचा. त्यांच्याकडे ३४ इंचांपर्यंत 'अ' गट आणि त्यापुढे ३८ इंचांपर्यंत 'ब' गट. माप आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथे घेतात. आपण सारंगखेड्याच्या घोडेबाजारात खांद्यावर हात ठेवून अंदाज करतो, तसं तिथे चालत नाही. तुमचा ३३ इंची घोडा दोन्हीकडे बसेल. गाडीच्या वर्गासाठी घोडा निदान तीन वर्षांचा लागतो, तीही अडचण नाही. त्याची नोंदणी कुठल्या संस्थेत आहे ते मुलीला कागद पाहून खात्री करायला सांगा आणि त्याच संस्थेचं चालू वर्षाचं नियमपुस्तक तिने घरात ठेवावं. बारीकसारीक नियम दोन्हीकडे वेगळे आहेत.

आता वर्गांबद्दल. नातीला वाटतंय की कंट्री, प्लेजर, पार्क या शाळेतल्या इयत्तांसारख्या पायऱ्या आहेत. कंट्री म्हणजे पहिली आणि पार्क म्हणजे दहावी. हा गैरसमज तिकडच्या मोठ्या माणसांतही पाहिला. हे वर्ग घोड्याच्या अंगठेवणीप्रमाणे आणि स्वभावाप्रमाणे पाडलेले आहेत. आपल्याकडे यात्रेत कोणी नाचणाऱ्या घोड्याला रेवालच्या, म्हणजे पाठ न हलवता सपाट चालण्याच्या, स्पर्धेत उभं करत नाही आणि रेवालवाल्याला ढोलकीपुढे उभं करत नाही. दोघांत मोठा कोण, असंही कोणी विचारत नाही. तसंच हे.

पार्क हार्नेसचा घोडा पाहिला की मुलगी का भाळली ते कळतं. मान उभी, खांद्यातून सरळ वर निघालेली. पुढचा पाय दुडकीत उचलला की कोपरापासून गुडघ्यापर्यंतचा भाग जमिनीला समांतर होतो, एखाद्याचा तर त्याहूनही वर जातो. मागचे पायही तितक्याच जोरात पोटाखाली येतात. अंगात सतत वीज असल्यासारखा तो असतो. त्याला शांत करायला गेलात तर तो बिचारा गोंधळतो. प्लेजरचा घोडा त्याच जातकुळीचा, पण आवरलेला. पाय उंच पडतो, डोकं थंड असतं. क्लासिकमध्ये पायाची उंची त्याहून कमी, डौल मात्र राखलेला. आणि कंट्रीचा घोडा गुडघा बेताचा उचलतो, पाऊल पुढे लांब टाकतो आणि मागे गाडी आहे हे विसरल्यासारखा निवांत चालतो. शेटलँड क्लबवाल्यांकडे वेस्टर्न कंट्री नावाचाही एक वर्ग असतो, तिथे मान अजून खाली आणि चाल अजून सैल. रोडस्टर या सगळ्यांपासून बाजूला, त्याचं पुढे बोलू.

तुमचा घोडा यात कुठे बसतो ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं. पहिली दोन मिनिटं तो मान उंच करून, शेपूट झेंड्यासारखं करून चालला आणि गुडघाही बराच वर गेला. मुलीने तेवढाच तुकडा पाहून पार्क म्हटलं असणार. नवी जागा, नवे लोक, समोर कॅमेरा, तेव्हा कुठलंही घोडं असं फुगतं. पण तिसऱ्या मिनिटाला त्याची मान जिथे आली, गुडघा जिथे आला, तिथेच तो पुढची दहा मिनिटं राहिला. तीच त्याची खरी चाल. घोडा कशासाठी आहे ते पंधरा मिनिटं जुंपून झाल्यावर बघायचं, असं माझे वडील सांगायचे. या छोट्या घोड्यालाही तेच लागू आहे. त्याच्या खांद्याचा उतार चांगला आहे, पाऊल कसं मोकळं लांब पडतंय बघा. मान मात्र खांद्यातून जरा खालून निघते. अशा मानेचं घोडं गुडघा उंच उचलत नाही, कारण त्याचा तोल तिथे नसतो.

इथे एक गोष्ट तुमच्याबद्दल सांगते, राग मानू नका. तुम्ही पत्रात लिहिलंय की तो 'पाणी सांडणार नाही इतका गुळगुळीत' चालतो. हा सारंगखेड्याचा डोळा आहे. दत्तजयंतीला तापीकाठी आपण रेवाल बघत मोठे झालो. वरच्या माणसाच्या हातातला पेला हिंदकळला नाही की घोड्याला मार्क. पण रेवालमध्ये एकाच बाजूचे पुढचा-मागचा पाय जवळजवळ जोडीने पडतात, म्हणून पाठ हलत नाही. तिकडच्या या सगळ्या वर्गांत मागतात ती दुडकी. डावा पुढचा आणि उजवा मागचा एकदम, मग उजवा पुढचा आणि डावा मागचा. तिरप्या जोडीची, दोन स्वच्छ ठोक्यांची चाल. तुमचा घोडा दुडकीतच गुळगुळीत आहे ही भाग्याची गोष्ट. पण तुम्ही नातीला शिकवताना 'अजून सपाट, अजून सपाट' असं म्हणत राहिलात आणि त्याने कधी एका बाजूचे पाय जोडीने टाकायला सुरुवात केली, तर आपल्याकडे टाळ्या मिळतील आणि तिकडे जज नंबर खाली लिहील. व्हिडिओत एका ठिकाणी, पाण्याच्या टाकीपाशी, त्याचे दोन-चार ठोके असे विस्कटले होते. लगाम आवळून वेग अर्धवट दाबला की असं होतं. एक तर संथ चालीवर आणा, नाही तर मोकळी दुडकी द्या. मधे लटकवू नका.

पार्कबद्दल अजून एक सांगायचंच आहे. हे लिहिताना मला नुसती काळजी वाटत नाही, रागही येतो. निसर्गाने ज्याला गुडघा दिला नाही त्याच्याकडून तो काढून घेणारे लोक जगात सगळीकडे आहेत. पायात साखळ्या, घोट्याला वजनं, ताणणारे पट्टे. आपल्याकडे नाचाच्या घोड्यांचे काही मालक काय काय करतात ते मी माझ्या जनावरांच्या दवाखान्यात पाहिलंय. रात्री अकराला घोडं आणतात, पायाच्या नळ्या सुजलेल्या असतात आणि म्हणतात, 'ताई, उद्या वरात आहे, एवढं चालतं करून द्या.' मी नाही म्हणते, मग दुसरीकडे जातात. ३३ इंची घोड्याचं वजन नव्वद-शंभर किलोच्या आसपास. त्याच्या पायाची नळी तुमच्या मनगटाएवढी. त्यावर वजन बांधून मिळालेला गुडघा फार महागात पडतो.

साखळ्या नसल्या तरी घरोघरी होणारी एक चूक आहे. डोक्यावरून मानेच्या रेषेत मागे येऊन पाठीवरच्या साजात अडकवलेला तो आखूड पट्टा, तिकडे त्याला चेक म्हणतात. तो एक भोक जास्त ओढला की मान लगेच उंच दिसते आणि फोटो छान येतो. पण मान अशी बांधून उंच केली की पाठ खाली बसते, मागचे पाय मागेच राहतात आणि घोडा गाडी ओढायच्या ऐवजी तोंडाने भार झेलतो. नातीला सांगा, घोडा स्वतःहून मान जिथे ठेवतो तिथे तो पट्टा नुसता टेकलेला असावा. काम झालं की पहिल्यांदा चेक सोडायचा, मग बाकी सगळं.

रोडस्टर तुमच्या मनातला, म्हणून त्याला वेळ देते. तो वर्ग बघायला सगळ्यात मजा येते हे मान्य. तुल्साला त्याच वेळी मंडप उठून उभा राहायचा. हाकणारा डोक्यावर टोपी आणि अंगात तशाच रंगाचं रेशमी जाकीट घालून हलक्या दोनचाकी गाडीवर बसतो. शर्यतीच्या गाडीची धाकटी बहीण म्हणा. पाय दोन्ही बाजूंच्या रिकिबीत. तीन वेग मागतात. पहिली सावकाश दुडकी, दुसरी जोराची रस्त्यावरची दुडकी आणि शेवटी 'पूर्ण वेगात' अशी हाक. त्या हाकेला घोडा सगळ्या ताकदीने सुटतो, पण दुडकी सोडायची नाही. तिथेच खरी परीक्षा असते. पळणारं घोडं रोडस्टर होत नाही, दुडकीतच पळणारं होतं. तुमचा घोडा वेग मागितला की डाव्या हाताला दौडीत शिरतो. रोडस्टरच्या रिंगणात तो दर फेरीला शिरेल, नात दर फेरीला लगाम खेचेल आणि दोघेही एकमेकांना घाबरायला लागतील. शिवाय अकरा वर्षांची मुलगी, पहिला शो, शेजारून दहा गाड्या वेगात जाणार. मी माझ्या मुलीला बसवलं नसतं.

वेगाच्या हट्टाची किंमत मी मोजलेली आहे. वडिलांनी सारंगखेड्याहून एक काठेवाडी घोडी आणली होती. मी नुकतीच पशुवैद्यकीचं शिक्षण संपवून घरी आलेली, अंगात उत्साह मावत नव्हता. सगळे पळवतात तर आपणही पळवू म्हणून मीच वडिलांना भरीस घातलं. दोन महिन्यांत तिने चारा टाकायला सुरुवात केली. साज दिसला की कान मागे, आणि पाठीवर हात ठेवला तरी कातडी थरथरायची. तपासलं तर रोग काही नाही. वडिलांनी मला न विचारता एक दिवस तिला छकड्याला लावलं आणि मळ्यात घेऊन गेले. संध्याकाळी घोडी परत आली ती चारा मागत. पुढची कितीतरी वर्षं ती त्या छकड्याला होती. माझ्या मुलाला तिनेच पहिल्यांदा शाळेत सोडलं. घोडी तीच होती. मी तिला भलत्या कामाला लावलं होतं, एवढंच. त्या दोन महिन्यांतलं तिचं तोंड मला अजून आठवतं.

आता कंट्रीकडे येते. तुम्ही पत्रात वडिलांच्या टांग्याबद्दल जे चार ओळीत लिहिलंत त्यात या वर्गाचं सगळं सार आहे, तुमच्या लक्षात आलं नसेल. सुरत-भुसावळ गाडी तासभर उशिरा, आणि वडिलांचं घोडं दोंडाईच्याला स्टेशनबाहेर लिंबाखाली एक पाय सैल सोडून उभं. इंजिनाची शिट्टी झाली, हमाल ओरडले, टपावर ट्रंका आदळल्या, तरी ते हललं नाही. माणसं बसली, वडिलांनी जिभेने टिक् केलं, की निघालं. गर्दीत मागे घ्यायचं असेल तर लगामाला नुसता हात लागला की दोन पावलं सरळ मागे. आबा, कंट्री प्लेजरमध्ये हेच बघतात. रिंगणात दोन्ही हातांना फिरायचं, आधी चाल, मग साधी दुडकी, मग तीच दुडकी मोकळी, लांब पावलांची. मग सगळ्या गाड्या ओळीत उभ्या करतात. तिथे घोड्याने गप्प उभं राहायचं आणि जजने सांगितलं की सरळ मागे सरकायचं. शेजारचा घोडा पाय आपटत असतो, कोणाचं मूल बाहेर रडत असतं, ध्वनिक्षेपक खरखरत असतो, आणि आपलं घोडं कान सैल सोडून उभं. नाव 'प्लेजर' आहे ते यासाठी. याच्या मागे बसणं सुखाचं वाटेल का, असं जज स्वतःला विचारत असतो.

आणि हे सोपं नाही, हे नातीला नक्की सांगा. तुल्साला कंट्रीच्या एकेका फेरीत किती गाड्या उतरायच्या! सगळे घोडे शांत, सगळ्यांची दुडकी चांगली. मग नंबर कशावर ठरतो? चालीवरून दुडकीत जाताना मान झटकली का, लगामाला तोंड उघडलं का, ओळीत अर्धं पाऊल पुढे सरकला का, यावर. हळू घोड्यांचा वर्ग म्हणून आलेले तिथे शेवटच्या ओळीत राहतात. तुमचा घोडा ओळीत उभं राहण्यात पक्का आहे, ते व्हिडिओच्या शेवटी दिसलं. नात उतरून त्याच्या तोंडाशी आली, कुत्रं चाकाखालून गेलं, तरी तो हलला नाही. हे शिकवून येत नाही, निदान लवकर येत नाही. ते तुमच्या हातातून त्याच्यात उतरलंय.

मागे सरकणं मात्र कच्चं आहे, तिरका जातो. रोज काम संपताना, गाडी सोडायच्या आधी, कुंपणाला लागून तीन पावलं मागे घ्या. तीनच. कुंपणामुळे एका बाजूला जाता येत नाही आणि सरळ जाण्याची सवय लागते. सरळ आला की लगाम लगेच सैल.

डाव्या हाताच्या दौडीचं नुसतं शिकवण्याने भागेल असं मला वाटत नाही. आधी तिकडच्या घोड्यांच्या डॉक्टरांकडून दोन गोष्टी तपासून घ्या. एक म्हणजे दात. या छोट्या घोड्यांचं डोकं लहान झालं पण दात त्या मानाने लहान झाले नाहीत, त्यामुळे जबड्यात दाटी होते. कधी दाढेच्या पुढे एक छोटासा जादा दात असतो आणि लगामाची कडी नेमकी त्याला लागते. डाव्या वळणाला तो तोंड उघडतोय, ते तुमच्या व्हिडिओत एकदा दिसलं. दुसरं म्हणजे मागच्या पायाची वाटी. ती सरकणं या घोड्यांत बरंच आढळतं. वर्तुळात आतल्या मागच्या पायावर जास्त जोर येतो. तिथे दुखत असेल किंवा वाटी अडकत असेल, तर घोडा दुडकी सोडून दौडीत जातो, कारण दौडीत त्याला दोन्ही मागचे पाय जवळ घेऊन चालता येतं. पाय मागे ताणलेला राहून मग झटक्याने सुटतो का, हे मुलीला मागून पाहायला सांगा. यातलं काही निघालं तर एप्रिलचा शो सोडून द्या. कुठलाच वर्ग भरू नका.

दोन्ही ठीक निघालं, तर मग हा शिकवण्याचा प्रश्न. सातव्या पावलाला तो सुटतो ना? मग डाव्या हाताला पाचव्या पावलाला नातीनेच त्याला हळू करावं. पाच पावलं मोकळी दुडकी, मग साधी, शाबासकी. दोन आठवड्यांनी सात, मग दहा. चूक झाल्यावर खेचायचं नाही, चूक व्हायच्या आधी थांबायचं. तुमचे वडीलही चढाच्या आधीच घोड्याला दम खाऊ देत असतील, चढावर घोडं अडल्यावर नव्हे.

पोट जरा सुटलंय. नात खाऊ घालते आहे, हे दिसतंच. मूठभर धान्य आपल्या काठेवाडीला काहीच नाही, पण या जिवाला फार. मानेवरची चरबी हाताला घट्ट लागायला लागली तर ताबडतोब आवरा. या घोड्यांना खुराच्या आतली सूज फार चटकन येते आणि एकदा आली की जन्माची. गाडीचंही वजन बघा. साधी दोनचाकी गाडी चाळीसेक किलोची धरली आणि वर नात बसली तर ठीक. तुम्ही दोघे एकदम बसू नका. सरावाला तुम्ही मागून पायी चाला. लगाम धरून मागून चालणं तुम्हाला यायचंच, आणि घोड्याला त्याने डोळ्यांना झापडं असतानाही आवाजावर विश्वास ठेवायची सवय लागते.

मुलीला मी काय सांगेन? साधारणपणे एकाच शोमध्ये कंट्री, क्लासिक, प्लेजर, पार्क यांपैकी एकच निवडावा लागतो. म्हणजे 'दोन्हीकडे उतरवून बघू' हा पर्याय धरू नका. वर्षभर कंट्री करा. त्या काळात घोड्याच्या पाठीत आणि मागच्या पायांत ताकद येईल. ती आल्यावर काही घोडे आपोआप पुढून हलके होतात, मान थोडी वर येते, गुडघाही. तसं झालं तर पुढच्या हंगामात क्लासिकचा विचार करा, तेव्हा बाईंना विचारा, मलाही व्हिडिओ पाठवा. प्लेजर आणि पार्क या घोड्याला नाहीत, हे मी आजच सांगते. त्याच्या मानेची ठेवण बदलणार नाही. आणि रोडस्टर? त्याची दुडकी दोन्ही हातांना वेगात टिकायला लागली आणि नात तेरा-चौदाची झाली, तर तुमचा हट्ट मी स्वतः उचलून धरेन.

या एप्रिलसाठी एक जोड मात्र सुचवते. अडथळ्यांमधून गाडी नेण्याचा वेगळा वर्ग असतो. शंकूंमधून वळणं, लाकडी पुलावरून जाणं, चिंचोळ्या जागेत मागे घेणं. तिथे उंच गुडघ्याला काही किंमत नाही, घोड्याने हाकणाऱ्यावर किती विश्वास ठेवलाय त्याला आहे. कंट्रीसोबत तो भरता येतो का ते नियमपुस्तकात पाहून घ्या. तुमच्या घोड्याचं खरं मन तिथे रमेल असं मला वाटतं, आणि नातीचंही. घरी सरावाला तेलाचे रिकामे डबे आणि एक जुनं दार जमिनीवर आडवं ठेवलं की झालं.

तुम्ही मार्चपर्यंत प्रकाशालाच आहात असं लिहिलंय. म्हणजे दत्तजयंतीला सारंगखेडा चुकणार नाही. तिथे एक काम करा. रेवालच्या घोड्याचा आणि साध्या दुडकीत चालणाऱ्या घोड्याचा, दोघांचा बाजूने व्हिडिओ घ्या, फोन कमरेच्या उंचीला धरून, फक्त पाय दिसतील असा. नातीला पाठवा आणि कुठला घोडा कसे पाय टाकतो ते तिलाच ओळखायला सांगा. मग तिला तिच्या घोड्याचा तसाच व्हिडिओ काढायला सांगा, डाव्या हाताचा, दातांची तपासणी झाल्यानंतरचा. तो मला पाठवा. आणि तिने काय ओळखलं, तेही लिहा.